एकच आजी, दोन कागद, दोन मतं: पाहणीतल्या टक्क्यांचं करायचं काय?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज धागा काढावाच लागला.

माझी भाची रत्नागिरीला एम.ए. करते. तिला प्रकल्पाला विषय मिळाला, ‘परदेशातून आश्रय मागायला येणाऱ्यांबद्दल सामान्य लोकांचं मत’. युरोपातल्या एका पाहणीचे प्रश्न नमुन्याला दिले होते. ते मराठीत करायचे आणि घरोघरी विचारायचे. मराठी केलं दोघींनी, भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने, आणि दोघींचं जुळेना. शेवटी दोन्ही कागद पिशवीत घालून भाची मे महिन्यात आमच्याकडे आली. मी गुहागर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अर्ध्या गावाला पाढे मीच शिकवलेत, त्यामुळे माझ्या तोंडावर दार लावायची कोणाची प्राज्ञा नाही.

पहिलंच घर. आजी अंगणात रातांबे फोडत बसलेल्या. बोटं लालभडक, पुढ्यात परात, बाजूच्या सुपात पुटं दिलेली सालं वाळत घातलेली. भाचीने पहिला कागद वाचला: ‘स्वतःच्या देशात जिवाला धोका आहे म्हणून पळून आलेल्या माणसाला आपण आसरा द्यावा का?’ आजी मान वर न करता म्हणाल्या, “द्यावा की. दारात आलेल्याला काय हाकलायचं?”

मग पाणी झालं, गूळ झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. तेवढ्यात भाचीने (वेंधळी आहे) तोच कागद समजून दुसरा काढला: ‘परवानगीशिवाय समुद्रमार्गे येणाऱ्या परदेशी नागरिकांना देशात थारा द्यावा का?’ आजींचा हात थांबला. “अगो नको. कोण कुठले, काय घेऊन आलेत कोणास ठाऊक. इथे आपल्याच पोरांना काम नाही.”

मधे दहा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. दोन्ही कागद एकाच माणसाला वाचायचे नव्हते हे मान्य. पण आता मला झोप येईना. आजींचं मत कोणतं धरायचं? आणि टीव्हीवर खाली पट्टी धावते ना, ‘अमुक देशातली इतके टक्के जनता निर्वासितांच्या विरोधात’, ती कुठल्या कागदावरची असते?

हापूस_पेटी

पहिला मी. आजींच्या आमसुलांचा भाव काय? हे सर्वेक्षण जास्त महत्त्वाचं आहे.

फणसगरा

कोकणात ‘सर्व्हे करायला आलोय’ असं सांगून कोणी अंगणात उभं राहू दिलं, हेच नवल. आमच्याकडे सर्व्हे म्हटलं की माणूस आधी सातबारा शोधतो. बारसूला 2023 च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. भाचीला सांगा, ‘पाहणी’ म्हण, ‘प्रकल्प’ तर चुकूनही म्हणू नकोस. प्रकल्प म्हटल्यावर समोरचा आसरा कोणाला द्यायचा ते सोडून ‘आमची जमीन किती जाणार’ एवढंच विचारेल.

आकडेमोड

ताई, तुमच्या भाचीने चुकून जे केलं तो या शास्त्रातल्या सगळ्यात जुन्या प्रयोगांपैकी एक आहे, आणि लोकांनी तो मुद्दाम केलाय. मी मुंबईत बाजार-पाहणीच्या धंद्यात बावीस वर्षं काढली (साबण, चहा आणि निवडणुका, तिन्हीची प्रश्नावली एकाच टेबलावर बनायची), म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

1940 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी सारख्याच प्रकारच्या दोन गटांना जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एका गटाला: लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणं करायला परवानगी द्यावी का? 75 टक्के म्हणाले, देऊ नये. दुसऱ्या गटाला: अशा भाषणांवर बंदी घालावी का? आता ‘घालावी’ म्हणणारे फक्त 54 टक्के. परवानगी न देणं आणि बंदी घालणं, कायद्याच्या हिशेबाने एकच गोष्ट. पण ‘बंदी’ हा शब्द तोंडातून काढायला जड जातो. फरक पडला 21 टक्क्यांचा, नुसत्या क्रियापदावर.

आता आजींकडे या. तुमच्या दोन कागदांत एक शब्द बदललेला नाही, चार गोष्टी बदलल्यात. पहिल्यात कारण आहे (जिवाला धोका), दुसऱ्यात नाही. पहिल्यात ‘माणूस’ आहे, एकटा. दुसऱ्यात ‘नागरिक’, अनेकवचनी. दुसऱ्यात ‘परवानगीशिवाय’ आहे, म्हणजे उत्तर देण्याआधीच गुन्हा नोंदवून टाकला. वर ‘समुद्रमार्गे’. हे सगळं एकदम बदललंत तर आजी नेमक्या कशामुळे फिरल्या ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

सोलकढी

पाचवी गोष्ट राहिली: आसरा आणि थारा.

खाडीकाठची

अगदी! मैत्रिणीचं म्हणणं होतं की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच.

वाशिष्ठी

चिपळूणहून. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मला राहवत नाहीये.

‘थारा’ आठवून पाहा बरं कशाकशात येतो. थारा देऊ नका. कुठे थारा मिळाला नाही. मनाला थारा नाही. हा शब्द नकाराच्याच घरात वाढलाय. ‘थारा द्यावा का?’ असं विचारलं की कानाला ‘नाही’ हेच उत्तर गोड लागतं. ‘आसरा’ म्हटलं की डोळ्यांपुढे पावसात वळचणीला उभा असलेला माणूस येतो. ‘आश्रय’ थोडा पुस्तकी, राजाश्रयातला. मग शरणार्थी, निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित, आणि टोकाला घुसखोर. एकाच माणसाला हे पाचही शब्द लावता येतात आणि पाच वेगवेगळी टक्केवारी काढता येते.

पण माझा खरा मुद्दा दुसराच आहे, आणि तो इंग्रजी प्रश्नावलीवाल्यांना कधीच कळणार नाही. मराठीत नकारार्थी प्रश्नाला दिलेल्या ‘हो’चा आणि ‘नाही’चा भरवसा नसतो. ‘त्यांना येऊ देऊ नये असं तुम्हाला वाटतं का?’ समोरची बाई म्हणाली, ‘नाही.’ आता काय लिहाल? ‘नाही, तसं नाही वाटत मला’ की ‘नाही, नकोच येऊ द्यायला’? बोलताना आपण हे सुरावरून आणि मानेवरून ओळखतो. कागदावर मानेला रकाना नसतो. ‘असं नाही का वाटत?’ विचारलंत तर बघायलाच नको. माझे विद्यार्थी रोज या दोन अर्थांमधल्या फटीतून पळून जातात. “गृहपाठ केला नाहीस ना?” “हो बाई.”

निवांत

‘कागदावर मानेला रकाना नसतो’ हे वाक्य मी ढापणार आहे.

तांडेल_देवगड

आजींका नावा ठेवू नकात. आमी पहाटे साडेतीनाक होडी काढतो. दर्यात अनोळखी बोट दिसली काय मनात ‘बिचारो कोण तरी पळान इलो आसतलो’ असा येणा नाय. पयलो विचार फोन कोणाक करूचो ह्यो.

(आता तुमच्या मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर शब्दाशब्दाचा अर्थ विचारत बसतील.)

1993 ला स्फोटकं उतरली ती आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला. 2008 ला मुंबईत आले ते मासेमारीची बोट पळवून आले. 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला एक रिकामी नौका वाहत आली, आत एके-47. घातपात वगैरे काही नव्हता हे नंतर कळलं, पण त्या दिवशी सगळ्या किनाऱ्याची झोप उडाली. 2008 नंतर ओळखपत्र खिशात, बोटीला रंग ठरवून दिलेला, बंदरावर नोंद. तेव्हा ‘परवानगीशिवाय समुद्रमार्गे’ हे चार मैल आत घाटावर विचारा आणि इथे विचारा, ऐकणाऱ्याच्या डोक्यात वेगळी बोट येते. सांगलीच्या माणसाला त्यात काहीच दिसणार नाही. आम्हाला सगळं दिसतं. मग यात शब्दांनी फसवलं असं कसं म्हणता? आजींनी विचारलेल्याचंच उत्तर दिलं.

आकडेमोड

तांडेल, शंभर टक्के. फसवलं असं मी म्हणत नाही. आजी दोन्ही वेळा खरंच बोलल्या. गडबड पुढे होते, जेव्हा दुसऱ्या कागदावरचा आकडा उचलून कोणी मथळा करतो: ‘कोकणी जनतेचा निर्वासितांना विरोध’. प्रश्न बोटीचा होता, मथळा निर्वासितांचा झाला.

आणखी एक: 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 31 असं सांगतं की जीव वाचवायला थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा शिरल्याबद्दल शिक्षा करू नये. म्हणजे ‘परवानगीशिवाय आलेला’ आणि ‘खरा निर्वासित’ हे दोन वेगळे कप्पे नाहीतच, एकच माणूस दोन्हींत असू शकतो. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, 1967 च्या पूरक करारावरही नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी असा वेगळा केंद्रीय कायदाही नाही. पण प्रश्न तर युरोपातून आणलेत, तिथे हे सगळं लागू आहे.

कडू_कारलं

झालं, नेहमीचं रडगाणं सुरू. निकाल आवडला की ‘जनतेचा कौल’, नाही आवडला की ‘प्रश्न चुकीचा विचारला’. लोकांना बाहेरचे नको असतील तर नको आहेत. शब्द बदलून बदलून किती दिवस ‘हो’ काढून घेणार? ‘उपाशी लेकराला भाकरी द्यावी का’ असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? तेही तितकंच लबाड नाही का?

सोलकढी

कारल्याशी सहमत व्हायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. पण तो बरोबर बोलतोय. ‘जिवाला धोका आहे म्हणून पळून आलेला’ या वाक्यात धोका खरा आहे हे आधीच मान्य करून टाकलंय. आश्रयाच्या सगळ्या भांडणाचं मूळच तिथे आहे ना, धोका खरा की नाही हे ठरवायचं कोणी आणि कसं? पहिला कागदसुद्धा धुतल्या तांदळाचा नाही.

आकडेमोड

कारलं, तुमच्या बाजूचाच पुरावा मी देतो.

नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडली-जाळली गेली. त्यानंतर गॅलप या मतचाचणी संस्थेने अमेरिकेत विचारलं: नाझी ज्यूंशी जे वागताहेत ते तुम्हाला मान्य आहे का? 94 टक्के म्हणाले, अमान्य. त्याच सुमाराला विचारलं: जर्मनीतल्या जास्त ज्यूंना अमेरिकेत येऊन राहू द्यावं का? 70 टक्क्यांहून जास्त म्हणाले, नको. इथे शब्दांची चलाखी नव्हती. लोकांना दोन्ही वाटत होतं. जानेवारी 1939 मध्ये 10,000 निर्वासित मुलांना आणून अमेरिकन घरांत ठेवण्याबद्दल विचारलं. एका मसुद्यात ‘यातली बहुतेक ज्यू’ असं होतं, दुसऱ्यात नव्हतं. दोन्हींत ‘नको’वालेच बहुमतात होते, ज्यू शब्द असलेल्यात 61 टक्के. म्हणजे हो, कधी कधी शब्द कसाही फिरवा, दगड जागचा हलत नाही. 20,000 मुलांना आणण्याचं एक विधेयक त्या वर्षी अमेरिकी संसदेत मांडलं गेलं होतं, ते मतदानापर्यंतही पोचलं नाही.

पण त्याच काळातलं उलटंही ऐका. जुलै 1938 मध्ये फॉर्च्युन मासिकाने निर्वासितांबद्दल जे पर्याय दिले त्यातला एक असा होता: ‘सध्याची परिस्थिती पाहता आपण त्यांना बाहेरच ठेवायला हवं’. 67 टक्क्यांनी तो निवडला. ‘सध्याची परिस्थिती पाहता’! मंदी चाललेली, आणि नकाराला सबब पर्यायाच्या आतच शिवून दिलेली. बाकीच्या पर्यायांना अशी सबब नव्हती. हे तीन शब्द नसते तर आकडा किती आला असता? कोणी तेव्हा विचारलं नाही, त्यामुळे आज सांगता येत नाही.

कडू_कारलं

बरं. ‘पुरावा देतो’ म्हणून अर्धाच दिलात, तरी आभार.

फणसगरा

कोणी थिबा राजाचा विषय काढला नाही म्हणून मीच काढतो. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1886 ला रत्नागिरीत आणून ठेवला, 1916 ला तो इथेच गेला. तेव्हा रत्नागिरीकरांना कोणी विचारलं होतं का, ‘परदेशी नागरिकाला थारा द्यावा का’?

वाशिष्ठी

थिबा आश्रय मागायला आला नव्हता हो, त्याला पकडून आणलं होतं. उलट त्याला विचारायला हवं होतं, रत्नागिरीला थारा द्याल का म्हणून.

अलिबागजवळच्या नवगावचं उदाहरण जास्त जवळचं आहे. बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. गावात राहिले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम बंद म्हणून नाव पडलं शनिवार तेली. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावं झाली. परवानगीशिवाय, समुद्रमार्गे!

हापूस_पेटी

आणि कोणाच्याही टीव्हीवर पट्टी धावली नाही.

घाटावरचा

कोल्हापूरकर असूनही लिहू का? आमच्या वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडचे जवळपास 5,000 निर्वासित राहिले होते, बहुतेक बायका-मुलं. छावणी, शाळा, चर्च, सगळं. आमचे आजोबा त्यांना भाजी पोचवायचे. आजोबांना कोणी ‘निर्वासितांना आश्रय द्यावा का’ विचारलं असतं तर ते ‘काय करायचेत ते परदेशी’ म्हणाले असते, माणूसच तसा होता. पण ‘वळिवड्याच्या पोलिश बायकांना पाठवून द्यायचं का’ विचारलं असतं तर भांडायला उठले असते. गिऱ्हाईक होतं ना त्यांचं.

तांडेल_देवगड

हेच आमच्याकडे. बागांमध्ये राखणीला नेपाळी, बोटीवर खलाशी बाहेरचे. ‘परप्रांतीयांनी आपली कामं घेतली’ यावर सगळे माना डोलावतात. ऑगस्टमध्ये माझा नेपाळी खलाशी गावाहून आठ दिवस उशिरा आला तेव्हा त्याची सगळ्यात जास्त चौकशी केली ती माझ्या आईने, आणि मान डोलावण्यात तीच पुढे असते.

व्यवस्थापक

परप्रांतीय, प्रकल्प आणि पक्ष या तीन गोष्टींवर स्वतंत्र धागे आहेत. इथे प्रश्नावलीवर राहू या. दोन प्रतिसाद उडवले आहेत, ते कोणाचे होते ते त्यांना माहीत आहे.

निवांत

माझे नव्हते. (यावेळी.)

आंबेमोहर

मी हॉलंडमध्ये राहते, मूळ गाव वेंगुर्ला. इथे निवडणूक आली की असे आकडे रोज अंगावर येतात, म्हणून दोन ओळी.

हंगेरीत 2015 मध्ये सरकारने घरोघरी ‘राष्ट्रीय सल्लामसलत’ नावाची प्रश्नावली पाठवली. विषयाचं नावच ‘स्थलांतर आणि दहशतवाद’. नावातच लग्न लावून दिलं! पुढे 2 ऑक्टोबर 2016 ला सार्वमत घेतलं, प्रश्न साधारण असा: ‘हंगेरीच्या संसदेच्या संमतीशिवायही युरोपीय संघाला बिगर-हंगेरियन लोकांना हंगेरीत वसवण्याची सक्ती करता यावी, असं तुम्हाला हवं आहे का?’ यात निर्वासित, छळ, युद्ध यातला एकही शब्द नाही. संसदेला डावलणं आहे, सक्ती आहे. 98 टक्के वैध मतं ‘नाही’. पण वैध मतं निम्म्या मतदारांपर्यंत पोचलीच नाहीत, त्यामुळे सार्वमत कायद्याने बाद. तरी ‘98 टक्के’ हा आकडा कित्येक भाषणांत फिरला. बाद झाल्याचं ऐकायला कान देऊन बसावं लागायचं.

कडू_कारलं

निम्मे आले नाहीत म्हणजे ते निर्वासितांच्या बाजूचे होते असंही नाही. घरी झोपले असतील.

आंबेमोहर

अर्थात. काहींनी विरोधकांचं ऐकून मुद्दाम बाद मत टाकलं, काही झोपले. न आलेल्यांचं मत कोणीच आपल्या खिशात घालू नये.

गणपतीपुळे_एक्स्प्रेस

एक शंका. आमच्याकडे कोणी कागद घेऊन आलं की आम्ही ‘हो हो’ म्हणून मोकळे होतो, भात लावायचा असतो. त्याचं काय करतात हे लोक?

आकडेमोड

त्याला आमच्या धंद्यात ‘हो ला हो’चा दोष म्हणायचे. ‘तुम्ही सहमत आहात का’ असं विचारलं की काही माणसं कशालाही सहमत होतात. आश्रयाच्या पाहण्यांत याचं चांगलं उदाहरण म्हणजे इप्सॉस या पाहणी-संस्थेची दरवर्षी 20 जूनच्या, म्हणजे जागतिक निर्वासित दिनाच्या सुमाराला येणारी पाहणी. त्यात एक विधान साधारण असं: युद्ध किंवा छळापासून पळणाऱ्यांना दुसऱ्या देशात आसरा घेण्याचा हक्क असावा. दुसरं: निर्वासित म्हणून येणारे बहुतेक खरे निर्वासित नसतातच. दोन्हींना ‘सहमत’ म्हणणारी माणसं भरपूर निघतात. एक वर्तमानपत्र पहिल्यावरून बातमी करतं, दुसरं दुसऱ्यावरून. पाहणी एकच. आणि त्यात ‘भारत’ म्हणून जो आकडा येतो तो मुख्यतः शहरी लोकांचा असतो, हे ती संस्था स्वतःच खाली बारीक अक्षरांत लिहिते. आपल्या आजी त्यात नाहीत.

त्याहून मजेशीर: सत्तरच्या दशकात अमेरिकेत जॉर्ज बिशप आणि मंडळींनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल लोकांना मत विचारलं. सुमारे एक तृतीयांश लोकांनी दिलं.

हापूस_पेटी

आमच्या ग्रामसभेत हा प्रयोग करायची गरज नाही, दर वेळी आपोआप होतो.

वाशिष्ठी

आकडेमोड, क्रमाचं पण सांगा ना. ताईंच्या भाचीने आसरा आधी आणि थारा नंतर विचारला. उलट झालं असतं तर?

आकडेमोड

बरोबर नस पकडलीत. 1948 मध्ये अमेरिकनांना विचारलं, कम्युनिस्ट देशांच्या पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का? हा प्रश्न आधी आला तर 36 टक्के ‘हो’. पण त्याआधी ‘रशियाने आपल्या पत्रकारांना येऊ द्यावं का’ असं विचारलं तर तोच ‘हो’ 73 टक्क्यांवर गेला. आपल्याला हवं ते मागून बसल्यावर दुसऱ्याला नाही म्हणायची लाज वाटते. भाचीने आधी ‘तुमच्या घरातलं कोणी आखातात आहे का’ असं नुसतं विचारून घेतलं तरी दुसऱ्या कागदावर फरक पडेल, पैज लावतो.

सोलकढी

आमच्या वाडीत तर प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी आखातात नाहीतर बोटीवर. तो प्रश्न विचारायची पण गरज नाही, भिंतीवर मस्कतचं कॅलेंडर असतं.

घाटावरचा

मग शेवटी करायचं काय? सगळेच प्रश्न तिरके, म्हणजे पाहणी करूच नये?

आकडेमोड

करावी. नुसतं ‘हो की नाही’ सोडून कसं विचारता येतं त्याचा एक नमुना सांगतो. 2016 मध्ये बनसाक, हाइनमुलर आणि हांगार्टनर या तिघांचा शोधनिबंध सायन्स या नियतकालिकात आला. 15 युरोपीय देशांतले 18,000 मतदार. त्यांना ‘निर्वासित हवेत का’ असं विचारलंच नाही. दोन-दोन काल्पनिक अर्जदारांची माहिती शेजारी-शेजारी ठेवली: वय, आधीचा धंदा, धर्म, कशामुळे पळाला, त्याच्या सांगण्यात विसंगती आहे का. आणि विचारलं, कोणाला ठेवाल? मग कुठल्या गोष्टीने पारडं किती झुकलं ते मोजता आलं. कामाला येईल असा, ज्याची हकीकत जुळते असा, ज्याने फार सोसलंय असा, यांना लोक वर ठेवत होते. मुस्लिमांपेक्षा ख्रिश्चनांना वर ठेवत होते. शेवटची गोष्ट तोंडावर विचारली असती तर किती जणांनी कबूल केली असती?

कडू_कारलं

म्हणजे बायोडाटा बघून मुलगी पसंत करण्यासारखं.

वाशिष्ठी

त्यातही लोक खरं बोलत नाहीत, कारलंभाऊ.

खाडीकाठची

मंडळी, चार दिवसांनी येतेय. बागेत शेवटचा आंबा उतरवणं चाललं होतं.

भाचीला सगळा धागा वाचून दाखवला. आधी रुसली (‘वेंधळी’ शब्दावरून), मग कामाला लागली. दोन्ही कागद बाजूला ठेवले. आता नवे दोन केलेत, दोन्हींत सगळं सारखं, फक्त एकात ‘समुद्रमार्गे’ आहे आणि एकात नाही. कोणत्या घराला कोणता ते चिठ्ठी टाकून. नकारार्थी प्रश्न सगळे काढले, वाशिष्ठीताई. ‘सांगता येत नाही’ हा रकाना घातला. तिचे सर म्हणत होते की तो घातला तर अर्धे लोक तोच धरतील. मी म्हटलं, धरू देत, तेही मतच आहे.

आजींकडे पुन्हा गेलो होतो. मत बदललं का ते विचारायला नाही, त्यांची परात परत करायला. भाचीला राहवलं नाही. म्हणाली, आजी, त्या दिवशी तुम्ही आधी हो म्हणालात, मग नको म्हणालात. आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “अगो, तू आधी माणसाचं विचारलंस, मग बोटीचं विचारलंस. बोटीत माणूस होता हे कुठे सांगितलंस?”

भाचीने ते तसंच्या तसं वहीत उतरवून घेतलंय. आता तिला प्रश्न पडलाय की हे कुठल्या रकान्यात घालायचं.

निवांत

‘इतर’.

हापूस_पेटी

ताई, ते आमसुलांचं राहिलंच. दोन किलो हवी आहेत, भाव कळवा. प्रश्न सरळ आहे, उत्तर पण सरळ द्या.

खाडीकाठची

आजींना विचारलं. म्हणाल्या, “कोणासाठी हवी आहेत ते आधी सांग, मग भाव सांगते.”